रबराचा वेडा : हेन्री रिडले

आमोण्याहून दोडामार्गकडे गेले की रबराच्या बागा लागतात. सालीवरची तिरकी खाच आणि खालची वाटी पाहिली की हेन्री निकोलस रिडले आठवतो. १८५५ साली इंग्लंडात जन्मलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८८८ साली सिंगापूरच्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख झाला.

ब्राझीलच्या रानात तेव्हा चिकासाठी झाडावर कुऱ्हाडीचे घाव घालीत. खोड जखमी होई. रिडलेने प्रयोगांनी सिद्ध केले की, आतला वाढीचा थर न दुखावता त्याच खाचेतून सालीचा पातळ पापुद्रा काढीत गेल्यास झाड वर्षानुवर्षे चीक देते. खिशात बिया घेऊन तो मळेवाल्यांच्या मागे लागे. लोक त्याला वेडा म्हणत. पुढे मोटारी आल्या, टायरांना रबर लागले आणि मलायात रबराचे मळे पसरले. शंभरी ओलांडून १९५६ साली तो निवर्तला.

आजही हव्यासापोटी फार वेळा खाच घेतली की चीक आतल्या नळ्यांतच गोठतो, खाच कोरडी पडते. म्हणून झाडाला मध्ये विश्रांतीचे दिवस द्यावे लागतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा हिशेब ओळखीचा वाटतो : व्याज घ्यावे, मुद्दलाला हात लावू नये.