२२ व्या वर्षी मारल्या गेलेल्या लेफ्टनंटला शौर्यपदक मिळायला १५१ वर्षं का लागली?

६ नोव्हेंबर २०१४. व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा एका सैनिकाला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक देत होते. पण ज्याला ते दिलं जात होतं, तो १८६३ सालीच मारला गेला होता. त्याचं नाव अलोन्झो कुशिंग.

अलोन्झोचा जन्म १८४१ चा, विस्कॉन्सिनमधल्या डेलाफील्डचा. वडील डॉक्टर होते, पण तो लहान असतानाच ते गेले. आई मुलांना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया गावात आली आणि शाळा चालवून तिने घर सांभाळलं. तिची मुलं पुढे सैन्यात आणि नौदलात गेली. अलोन्झोचा धाकटा भाऊ विल्यम याने १८६४ साली शत्रूची अल्बेमार्ल ही चिलखती युद्धनौका बुडवली आणि तो देशभर गाजला.

अलोन्झो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता, तेव्हाच अमेरिका फुटली. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली ११ राज्यं वेगळी झाली आणि यादवी युद्ध पेटलं. जून १८६१ मध्ये तो अकादमीतून बाहेर पडला आणि पुढच्याच महिन्यात बुल रनच्या लढाईत उतरला. त्यानंतर फ्रेडरिक्सबर्ग, चान्सलर्सव्हिल अशा मोठ्या लढाया त्याने पाहिल्या. २२ व्या वर्षी तो तोफखान्याच्या एका तुकडीचं नेतृत्व करत होता. तिच्यात ६ तोफा होत्या.

मग आला ३ जुलै १८६३. जागा, पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग. दुपारी एकच्या सुमाराला दक्षिणेच्या सुमारे १५० तोफांनी उत्तरेच्या फळीवर आग ओकायला सुरुवात केली. त्यानंतर साधारण १२,५०० सैनिक उघड्या माळावरून चालत आले. हाच तो प्रसिद्ध 'पिकेट्स चार्ज'. हल्ल्याचा रोख नेमका कुशिंगच्या तोफा होत्या त्या भागावर होता.

तोपर्यंत कुशिंगच्या बहुतेक तोफा निकामी झाल्या होत्या आणि बरीच माणसं पडली होती. त्याच्या खांद्याला जखम झाली होती. त्यानंतर पोटाखाली दुसरी, फार खोल जखम झाली. मागे जाऊन उपचार घ्यायला सांगितलं, तरी तो हलला नाही. उरलेल्या तोफा त्याने पुढच्या दगडी भिंतीपाशी न्यायला लावल्या. आता आवाजही फुटत नव्हता. मग सार्जंट फ्रेडरिक फ्युगरने त्याला आधार देऊन उभं धरलं. कुशिंग हळू आवाजात हुकूम द्यायचा आणि फ्युगर तो ओरडून जवानांपर्यंत पोहोचवायचा. शत्रू अगदी जवळ आला असताना कुशिंगच्या तोंडात गोळी लागली आणि तो जागीच गेला.

दक्षिणेचे काही सैनिक भिंत ओलांडून आत आले, पण टिकले नाहीत. त्यांचं नेतृत्व करणारा जनरल आर्मिस्टेड कुशिंगच्या तोफांजवळच कोसळला. हल्ला फसला आणि गेटिसबर्गची लढाई उत्तरेने जिंकली.

मग पदकाचं काय झालं?

फ्युगरला ते १८९७ मध्ये मिळालं. त्याचा अधिकारी मात्र राहून गेला. त्या काळी मेलेल्या सैनिकाला हे पदक सहसा दिलं जात नसे. शिवाय युद्धातून वाचलेले सैनिक स्वतःसाठी अर्ज करू शकत होते, साक्षीदार उभे करू शकत होते. कुशिंग वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत होता, तो काय अर्ज करणार?

१९८० च्या दशकात डेलाफील्डमधल्या एका महिलेने हा विषय उचलला. तिचं घर कुशिंग कुटुंबाच्या जुन्या जमिनीवर होतं. तिथे पूर्वी कोण राहायचं हे शोधताना तिला अलोन्झो सापडला. तिने खासदारांना पत्रं लिहिली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पदकासाठी कायद्यात घालून दिलेली मुदत तर कधीच संपली होती. शेवटी अमेरिकी संसदेने २०१३ च्या अखेरीस कुशिंगसाठी ती शिथिल केली.

अलोन्झोने लग्न केलं नव्हतं, त्याला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे पदक घेतलं ते त्याच्या एका दूरच्या नातेवाईक महिलेने. त्याचा पराक्रम १५१ वर्षांपूर्वीच घडून गेला होता आणि फ्युगरसारख्यांनी तो सांगूनही ठेवला होता. कमी होती ती फक्त त्याच्या वतीने मागणी करणाऱ्या कुणाची तरी.