थरगूड मार्शल : प्रवेशाचं दार उघडणारा वकील

थरगूड मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. आई नॉर्मा शाळेत शिक्षिका होत्या, तर वडील विल्यम रेल्वेच्या भोजनडब्यात वाढपी होते. लहानपणी थरगूड वर्गात भारी दंगा करायचे. शिक्षा म्हणून त्यांना देशाचं संविधान वाचायला बसवलं जायचं. पुढे हीच शिक्षा त्यांच्या कामी आली!

त्यांना वकील व्हायचं होतं. मेरीलँड विद्यापीठाचं लॉ कॉलेज बाल्टिमोरमध्येच होतं, पण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. मग ते रोज रेल्वेने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जाऊ लागले. फीसाठी आईने लग्नाच्या अंगठ्यांवर पैसे उभे केले. १९३३ साली ते वर्गात पहिले आले.

मनातला सल त्यांनी कोर्टात मांडला. डोनाल्ड मरे या पदवीधर तरुणाला त्याच लॉ कॉलेजने रंगामुळे नाकारलं होतं. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी पण समान सोय चालेल, असा तेव्हाचा नियम. मेरीलँडमध्ये तर वेगळं लॉ कॉलेजही नव्हतं. मग समानता कुठे राहिली? मार्शल आणि त्यांचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन यांनी हाच मुद्दा लावून धरला आणि १९३६ साली अपिलातही खटला जिंकला. १९५४ च्या ब्राउन खटल्यात तर सरकारी शाळांमधला वर्णभेदच बेकायदा ठरला. १९६७ मध्ये मार्शल सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले.

पुढे तक्रार दुसऱ्या बाजूने आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मेडिकल कॉलेजात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी ठेवलेल्या होत्या. ॲलन बाकी या गोऱ्या तरुणाला दोनदा प्रवेश नाकारला गेला. राखीव जागांवर घेतलेल्यांपेक्षा आपले गुण जास्त आहेत, असं त्याचं म्हणणं. १९७८ साली कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याला प्रवेश दिला आणि ठराविक जागांचा कोटा रद्द केला. मात्र, वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून पाहता येईल, असंही सांगितलं. मार्शल यांना कोटा रद्द होणं पटलं नाही. शतकानुशतकं झालेला अन्याय ज्या संविधानाने चालू दिला, तेच आता भरपाईच्या आड कसं येतं, असा त्यांच्या मताचा रोख होता.

२४ जानेवारी १९९३ रोजी त्यांचं निधन झालं. २०२३ साली त्याच कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांची वंश लक्षात घेणारी प्रवेशपद्धत रद्द केली. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

शिक्षक आणि पालक मित्रांनो, हा पाठ घेताना मुलांसमोर मरे आणि बाकी या दोघांना शेजारी-शेजारी उभं करा. दुःख दोघांचंही खरं आहे. पण मरेसाठी एकही जागा नव्हती, बाकीसाठी ८४ जागांची स्पर्धा खुली होती. दुसरीकडे, जुना अन्याय बाकीने स्वतः केलेला नव्हता, हेही लपवू नका. एवढं समोर ठेवून मुलांना वाद घालू द्या. यादीत नाव नसलं की शेजारच्या बाकावरच्या मुलाचा राग येतो. त्या रागाआधी इतिहास विचारायची सवय लागली, तरी पुष्कळ झालं.