योझेफ फ्राउनहोफर

डोंगरमाथ्यावरील झाडाचें छायाचित्र आजच्या डिजिटल कॅमेऱ्यानें घेऊन तें मोठें करून पाहिलें, तर उजळ आकाशापुढील काळ्या फांद्यांच्या कडेला कधीं जांभळी, कधीं हिरवट अशी बारीक किनार दिसते. ही किनार झाडाची नव्हे व आकाशाचीहि नव्हे. ती भिंगाची आहे. पांढऱ्या प्रकाशांत अनेक रंग मिसळलेले असतात आणि कांच प्रत्येक रंगास निरनिराळ्या प्रमाणांत वळविते. निळा अधिक वळतो, तांबडा कमी. म्हणून सारे रंग एकाच जागीं जुळत नाहींत व वस्तूच्या कडेबाहेर रंग सांडतो. हा दोष दूर करण्यासाठीं ज्या पुरुषानें आपलें अल्प आयुष्य वेंचिलें, त्याचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

योझेफ फ्राउनहोफर याचा जन्म बव्हेरियांतील श्ट्राउबिंग गांवीं ६ मार्च १७८७ रोजीं एका गरीब कांचकारागिराच्या घरीं झाला. वयाचीं बारा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो आईबापांस अंतरला. म्युनिक येथें आरसे करणाऱ्या एका कारागिराकडे त्यास उमेदवारीस ठेवण्यांत आलें. तेथें काम भरपूर होतें. परंतु त्यानें पुस्तक वाचावें, हें मालकास खपत नसे. २१ जुलै १८०१ रोजीं तें घर कोसळलें. मालकाची पत्नी ठार झाली. कित्येक तासांनीं योझेफ ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला, तेव्हां बव्हेरियाचा अधिपति माक्सिमिलिअन योझेफ तेथें जातीनें हजर होता. त्यानें मुलास १८ सुवर्णनाणीं बक्षीस दिलीं. उत्झश्नायडर नांवाच्या उद्योगी गृहस्थानें पुस्तकें पुरविलीं. चौदा वर्षांच्या त्या पोरानें पैशांचा उपयोग कसा केला, तें पाहण्यासारखें आहे. त्यानें कांच घासण्याचें यंत्र विकत घेतलें व उमेदवारीच्या उरलेल्या मुदतींतून आपली सुटका करून घेतली.

१८०६ सालीं तो उत्झश्नायडरच्या कारखान्यांत दाखल झाला. पुढें बेनेडिक्टबॉयर्न येथील जुन्या मठांत कांचेची भट्टी चालत असे. तेथें गिनां नांवाच्या स्विस कारागिराच्या सहवासांत तो निर्दोष कांच ओतण्याची कला शिकला.

रंगाची किनार घालविण्याची एक युक्ति पूर्वींच ठाऊक होती. लंडनच्या जॉन डॉलंडनें १७५८ सालीं क्राउन कांचेचें फुगीर भिंग व शिसें मिसळलेल्या फ्लिंट कांचेचें खोलगट भिंग जोडून दुर्बिणी केल्या होत्या. एका कांचेनें फांकविलेले रंग दुसरी कांच जवळ आणीत असे. पण भट्टींतून निघणारी प्रत्येक कांच थोडी निराळी असते. कोणती कांच कोणत्या रंगास नेमकें किती वळविते, हें मोजावयाचें कसें? रंगपट्टींत पिवळा कोठें संपतो व हिरवा कोठें सुरू होतो, हेंच जेथें सांगतां येत नाहीं, तेथें मापाची खूण कोठें करावी?

दिव्याच्या प्रकाशांत एक ठळक पिवळी रेषा फ्राउनहोफरला आढळली होती. सूर्यप्रकाशांतहि ती असेल काय, हें पाहण्यासाठीं त्यानें अरुंद फटींतून आलेला किरण लोलकांतून नेला व तो दुर्बिणींतून न्याहाळला. तेव्हां रंगपट्टीवर त्याला असंख्य काळ्या रेषा दिसल्या. वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञास १८०२ मध्यें त्यांतील थोड्या दिसल्या होत्या. फ्राउनहोफरनें १८१४ च्या सुमारास ५७४ रेषा मोजल्या व मुख्य रेषांस अक्षरांचीं नांवें दिलीं. प्रत्येक रेषेचें रंगांतील स्थान ठरलेलें असल्यामुळें हव्या असलेल्या खुणा त्याला मिळाल्या. आतां प्रत्येक कांचेचें माप घेऊन भिंगांचा आकार गणितानें ठरवितां येऊं लागला.

या परिश्रमाचें फळ म्हणजे आज एस्टोनियांत असलेल्या तार्तू, तत्कालीन डोर्पाट, येथील वेधशाळेची १८२४ ची २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण. त्याच वर्षीं राजानें त्यास सरदारकीचा मान दिला. परंतु ७ जून १८२६ रोजीं, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, क्षयानें त्याचा अंत झाला. त्याच्याच कारखान्यांतील यंत्रानें बेसेलनें १८३८ सालीं प्रथमच एका ताऱ्याचें विश्वसनीय अंतर काढलें. त्या काळ्या रेषा पदार्थांच्या खुणा आहेत, हें किर्चहॉफ व बुन्सेन यांनीं १८५९ मध्यें उलगडलें, आणि सूर्य कशाचा बनला आहे, हें कळूं लागलें.

डिजिटल छायाचित्र तांबडें, हिरवें व निळें अशा तीन चित्रांचें बनलेलें असतें. किनार घालविण्यासाठीं संगणक हिरवें चित्र प्रमाण धरून इतर दोन किंचित् लहानमोठीं करतो व कडा पुन्हां जुळवितो. मात्र किती लहान व किती मोठें, हें मोजल्यावांचून ठरत नाहीं. भिंगांच्या कांचेच्या कोष्टकांत फ्राउनहोफरचीं अक्षरें आजहि वापरांत आहेत.

दोष दिसला कीं तो झांकावा, अगर त्याबद्दल हळहळत बसावें, ही आपली नेहमींची रीत. या पोरक्या मुलानें दोष मोजला. आणि मोजतां मोजतां त्याला जें सांपडलें, तें दोषनिवारणाहूनहि मोठें ठरलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या वहींतील चुकांकडेहि याच दृष्टीनें पाहावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.