विल्यम बर्जेस आणि यॉर्कशायरांतील दोन प्रार्थनामंदिरें

मुंबईची महात्मा फुले मंडई, म्हणजे पूर्वीचें क्रॉफर्ड मार्केट, आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिचा आराखडा करणारा विल्यम इमर्सन ज्याचा शिष्य, त्या विल्यम बर्जेसचें नांव इंग्लंडांत प्रख्यात आहे; आपल्याकडे मात्र तें क्वचितच कानीं पडतें.

बर्जेसचा जन्म १८२७ सालीं लंडन शहरीं झाला. वडील नामांकित व धनवान् इंजिनियर. परंतु मुलाचें मन पूल व बंदरें यांत रमेना. १८४४ सालीं इंजिनियरिंगचा अभ्यास सोडून तो एडवर्ड ब्लोर या स्थापत्यविशारदाकडे राहिला. पुढें पित्याच्या संपत्तीच्या बळावर त्यानें युरोपभर प्रवास करून मध्ययुगीन मंदिरांचा अभ्यास केला. टोंकदार कमानी, गगनचुंबी मनोरे व रंगीत कांचांच्या खिडक्या यांनीं नटलेल्या गॉथिक पद्धतीचें त्या काळीं पुनरुज्जीवन होत होतें. बर्जेसला विशेषेंकरून तेराव्या शतकाचा ध्यास होता.

कीर्ति लवकर आली, पण काम येईना. १८५६ सालीं फ्रान्समधील लील येथील कॅथीड्रल व कॉन्स्टँटिनोपल येथील युद्धस्मारक चर्च या दोन्ही स्पर्धांत त्याची सरशी झाली. तथापि त्याच्या नकाशाप्रमाणें एकही इमारत उठली नाहीं. १८६६ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेसाठीं त्यानें काढलेला सुंदर आराखडाही कागदावरच राहिला. दरम्यान १८६३ सालीं आयर्लंडांतील कॉर्क येथील कॅथीड्रलचें काम त्यास मिळालें, तेव्हां कोठें दैव उघडलें.

१८७० च्या एप्रिलांत ग्रीस देशीं मॅरेथॉन पाहून परतणाऱ्या कांहीं प्रवाशांस लुटारूंनीं धरून नेलें. त्यांत फ्रेडरिक वायनर हा तेवीस वर्षांचा इंग्रज तरुण होता. खंडणीची रक्कम जमविण्यांत आली. परंतु ती पोंचण्यापूर्वीं सैन्यानें लुटारूंस गांठलें, आणि त्यांनीं वायनरसह चौघा बंदिवानांस ठार केलें. पुत्राच्या सुटकेसाठीं सांठविलेला पैसा मातेच्या हातीं तसाच राहिला! लेडी मेरी वायनर हिनें त्याचें काय करावें? तिनें स्केल्टन या खेड्याजवळ, आपल्याच आवारांत, सांत्वनकर्त्या ख्रिस्ताच्या नांवें मंदिर बांधण्याचें ठरविलें व बर्जेसला पाचारण केलें.

१८७६ सालीं तें पुरें झालें. बाहेरून करडा दगड, आंत शुभ्र. वेदीकडे जाणाऱ्या कमानीच्या वर प्रभूच्या स्वर्गारोहणाचें कोरीव शिल्प आहे. शोकाकुल मातेची दृष्टि कोठें वळावी हें बर्जेसनें बरोबर ओळखलें होतें असें मला वाटतें. मूर्तिकार, कांचकाम करणारे, सारे निराळे. पण सर्वांस नमुना एकाच्याच हातचा, म्हणून तेथें कोठेंही विसंगति दिसत नाहीं.

फ्रेडरिकची बहीण ही लॉर्ड रिपनची पत्नी. हाच रिपन पुढें १८८० ते १८८४ पर्यंत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता आणि स्थानिक स्वराज्याचा ठराव त्याच्याच कारकीर्दींतला. या दांपत्यानें फ्रेडरिकच्या स्मरणार्थ स्टडली रॉयल येथें बर्जेसकडूनच दुसरें मंदिर उभारविलें. तें १८७८ सालीं पुरें झालें. तेथील वेदीचा भाग सोनें, संगमरवर व देवदूतांच्या चित्रांनीं झळाळतो. गायकवृंदाच्या बांकांवर रंगीबेरंगी पोपट कोरलेले आहेत! प्रार्थनामंदिरांत पोपट कशाला, असें कोणी विचारील. पण ज्यानें त्यांस रंग दिले त्याच्या घरीं ते परके कसे?

बर्जेस अविवाहित होता. १८८१ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, केन्सिंग्टन येथें स्वतःच बांधलेल्या घरीं तो वारला. लंडनच्या नॉरवुड स्मशानभूमींत आईसाठीं त्यानें एक थडगें रचिलें होतें. त्यांतच त्यास पुरण्यांत आलें.