शरीरातल्या अफूचा शोध घेणारा संशोधक

दिवाळीत केळशीच्या घराघरांत अनारसे थापले जातात, तेव्हा त्यांच्या एका अंगाला खसखस लागलेली असते. दापोली तालुक्यातील या किनारी गावातच काय, अवघ्या महाराष्ट्रात हा रिवाज आहे. ही निरुपद्रवी खसखस ज्या बोंडात पिकते, ते हिरवे असताना त्याला चीर दिली की पाझरणारा चीक म्हणजे अफू. एका रोपट्याच्या चिकाने माणसाची वेदना शमावी, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर ज्याने शोधले, त्या हान्स कोस्टरलिट्झ यांचे आयुष्य सरळ रेषेत गेले नाही.

२७ एप्रिल १९०३ रोजी बर्लिनमधील ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते तेथील शारिते रुग्णालयात काम करू लागले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना दारे बंद झाली. पुढील वर्षी कोस्टरलिट्झ यांनी देश सोडला आणि स्कॉटलंडमधील ॲबर्डीन गाठले. इन्शुलिनच्या कामासाठी नोबेल मिळविणारे मॅक्लिऑड तेथे होते. परंतु १९३५ मध्ये त्यांचेही निधन झाले. परक्या भाषेत, परक्या थंडीत कोस्टरलिट्झ मात्र टिकून राहिले. सुरुवातीची बरीच वर्षे त्यांनी यकृत आणि शर्करेच्या चयापचयावर घालविली. अफूकडे ते वळले ते उतारवयाकडे झुकताना.

त्यांचे साधन अगदी साधे होते. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा विजेच्या सौम्य धक्क्याने आकुंचन पावतो. मॉर्फिन घातले की ते आकुंचन मंदावते आणि नॅलोक्सोन हे उतारा-औषध दिले की पूर्ववत होते. प्रतिष्ठित प्रयोगशाळांना हे जुनाट वाटावे असेच तंत्र. पण १९७३ मध्ये मेंदूत अफूचे ग्राहक, म्हणजे तिला धरून ठेवणाऱ्या खाचा, असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा याच तंत्राची किंमत कळली. कुलूप आहे तर किल्लीही शरीरातच असली पाहिजे! त्याच वर्षी सत्तरीचे कोस्टरलिट्झ प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. व्यसनकारक औषधांवरील संशोधन केंद्राची धुरा त्यांनी घेतली. तरुण सहकारी जॉन ह्यूज कत्तलखान्यातून डुकरांचे मेंदू आणीत आणि त्यांचा अर्क काढीत. डिसेंबर १९७५ मध्ये दोन छोटी प्रथिनखंडे जगापुढे आली. प्रत्येकी केवळ पाच अमिनो आम्लांची. नाव पडले एन्केफॅलिन. १९७८ मध्ये कोस्टरलिट्झ, ह्यूज आणि अमेरिकेतील सॉलोमन स्नायडर यांना लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेलने मात्र हुलकावणी दिली. ते त्या घरात आले २०१६ मध्ये, तेही भौतिकशास्त्रासाठी, मुलगा मायकेल यांच्या रूपाने.

याच प्रयोगशाळेने १९७७ मध्ये उंदराच्या शुक्रवाहिनीवर काम करताना एक वेगळा ग्राहक ओळखला आणि त्याला डेल्टा हे नाव दिले. हृदयाची गोष्ट येथून सुरू होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत थोडा थोडा वेळ अडथळा आणून रक्तप्रवाह पुन्हा सुरू केला, तर पुढच्या मोठ्या अडथळ्यात स्नायू कमी मरतो, असे १९८६ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले होते. १९९५ मध्ये मिलवॉकीत गॅरेट ग्रॉस यांच्या गटाने उंदरांना नॅलोक्सोन दिले आणि हे संरक्षण नाहीसे झाले. शरीरातली अफू हृदयालाही जपते, याचा तो भक्कम पुरावा होता. हृदयाचे स्नायू एन्केफॅलिनचे पूर्वद्रव्य स्वतः बनवितात आणि डेल्टा ग्राहकांमार्फत पेशींतील ऊर्जाकेंद्रांना तगविणारी साखळी सुरू होते, असे पुढील अभ्यासांतून दिसले.

प्राण्यांत जमले ते रुग्णांत सहजी जमलेले नाही. हातावर पट्टा आवळून हृदयाला आधीच सावध करण्याच्या मोठ्या चाचण्या २०१५ आणि २०१९ मध्ये निष्फळ ठरल्या. झटक्याच्या वेळी दिलेले मॉर्फिन तर गुठळीविरोधी गोळ्यांचे शोषण लांबविते, असे आढळले आहे. हा पेच पाहायला कोस्टरलिट्झ नव्हते. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, ॲबर्डीनमध्येच त्यांचे निधन झाले.