हौशी खेळाची किंमत कोणी मोजली?

खेळाडूने पैशाला शिवू नये, हा विचार ऐकावयास उदात्त वाटतो. परंतु तो परवडतो कोणाला, हे सहसा कोणी विचारीत नाही. ऑस्ट्रेलियाचे रग्बीपटू हर्बर्ट हेन्री ऊर्फ डॅली मेसेंजर यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

त्यांचा जन्म १८८३ साली सिडनीत झाला. वडिलांचा व्यवसाय होड्यांचा. १९०७ पर्यंत मेसेंजर न्यू साउथ वेल्सच्या रग्बीतील सर्वांत मोठे आकर्षण ठरले होते. त्यांच्यासाठी मैदाने भरत. उत्पन्न मात्र संघटनेच्या तिजोरीत जाई. खेळाडू हौशी असल्याने दुखापतीमुळे रोजगार बुडाला तरी भरपाई नसे. ॲलेक बर्डन या खेळाडूवर हाच प्रसंग ओढवला आणि कष्टकरी खेळाडूंतील असंतोष वाढला. उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नावरून १८९५ मध्येच वेगळी चूल मांडली होती.

सिडनीत जेम्स गिल्टिनन यांनी पुढाकार घेतला; विख्यात क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपर त्यांच्या बाजूस होते. परंतु प्रेक्षक ज्याच्यासाठी येतात तो खेळाडूच नसेल, तर नवी संघटना तरणार कशी? ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडला निघालेला न्यूझीलंडचा व्यावसायिक संघ सिडनीत खेळला. त्याच्याविरुद्ध मेसेंजर मोबदला घेऊन उतरले आणि पुढे त्याच संघासमवेत इंग्लंडला गेले. जुन्या संघटनेने त्यांना बहिष्कृत केले. त्यांची कामगिरीही नोंदींतून पुसून टाकली.

१९०८ मध्ये सिडनीत रग्बी लीग सुरू झाली. १९११ च्या हंगामात मेसेंजर यांनी २७० गुण मिळविले. हा विक्रम १९३५ पर्यंत अबाधित राहिला. १९११ ते १९१३ या तिन्ही वर्षी त्यांच्या ईस्टर्न सबर्ब्स संघाने विजेतेपद पटकाविले. निवृत्तीनंतर व्यवसायात त्यांना यश लाभले नाही. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता मेसेंजर यांनी लोभ केला नाही. आपल्या श्रमाला मूल्य आहे, एवढेच त्यांनी मान्य केले. ज्यांच्या घरी उत्पन्नाची अन्य साधने होती, त्यांनाच फुकट खेळण्याचे तत्त्व पेलत होते. रोजंदारीवर जगणाऱ्यास ते तत्त्व म्हणजे एक प्रकारचा करच होता. पुढे १९९५ मध्ये जुन्या रग्बी युनियननेही व्यावसायिकता स्वीकारली. मेसेंजर यांच्या पुसलेल्या नोंदी परत येण्यास मात्र २००७ साल उजाडावे लागले. तत्त्व सोडण्यास संस्थांना फार वेळ लागत नाही. अन्याय कबूल करण्यास लागतो.