टॉनिकचा कडूपणा भारतात आणायला निघालेला मार्कहॅम

जिन-टॉनिकचा कडूपणा येतो क्विनीनमुळे. म्हणूनच टॉनिकसोबत घ्यायची जिन जुनिपरच्या ठसठशीत चवीची निवडतात. सौम्य जिन त्यात हरवून जाते.

पण एकेकाळी क्विनीन चैनीची नाही, जीव वाचवायची गोष्ट होती. अहमदनगरच्या छावणीतला गोरा शिपाई असो की गावातला शेतकरी, हिवताप कुणालाच सोडत नसे. त्यावरचं औषध म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाची साल, आणि ती महाग!

ही झाडं भारतात आणायचं काम क्लेमेंट्स मार्कहॅम यांनी अंगावर घेतलं. १८३० साली यॉर्कशायरमध्ये जन्मलेले मार्कहॅम १८४४ मध्ये नौदलात गेले. पुढे १८६० मध्ये ते पेरू देशातल्या जंगलात शिरले आणि स्थानिकांचा विरोध चुकवत आडवाटेने शेकडो रोपं बाहेर काढली. पनामा, इंग्लंड, तांबडा समुद्र, मुंबई असा प्रवास करत रोपं उटीला पोचली, पण उन्हाच्या तडाख्यामुळे जगली नाहीत. रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वेडोरमधून पाठवलेल्या सिंकोनाने मात्र निलगिरीत मूळ धरलं. महाबळेश्वरजवळच्या लिंगमळ्यातही लागवड झाली, पण ती फसली.

पुढे भारतात क्विनीन स्वस्त झालं. दक्षिण अमेरिकेचा सालीचा धंदा मात्र जावा आणि भारतातल्या मळ्यांपुढे बसला.

मार्कहॅम नंतर रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९१६ मध्ये मेणबत्तीच्या उजेडात वाचताना अंथरुणाने पेट घेतला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला.

आणि हो, आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन चवीपुरतंच असतं. त्याने मलेरिया बरा होत नाही!